चालणे आणि उठणे

बडोद्याच्या सयाजीबागेला जुनी माणसे अजून कमाटीबागच म्हणतात. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली उभ्या राहिलेल्या त्या बागेत पहाटे जी पावले वाजतात, त्यांत दांडियाबाजारातल्या एका निवृत्त बँक-अधिकाऱ्याची पावले गेली बारा वर्षे मिसळत आली आहेत. रोज पाच किलोमीटर. पाऊस असला तर छत्री, थंडी असली तर कानटोपी, खाडा नाही. नाडी संथ, रक्तदाब आटोक्यात. बहात्तराव्या वर्षी एवढी शिल्लक असल्यावर देहाचा हिशेब चोख आहे असे त्यांना वाटे, आणि बरोबरीच्यांना ते ऐकवण्यात त्यांना संकोचही वाटत नसे.

मग एका सकाळी त्यांची पत्नी न्हाणीघरात घसरली. हाड शाबूत होते. नुसते उठता येत नव्हते. ते धावत गेले, वाकले, तिच्या काखेत हात घालून उचलू लागले. ती जागची हलली नाही. दुसऱ्या खेपेस त्यांच्याच मांड्या थरथरल्या आणि गुडघे टेकलेले ते दाराची चौकट धरल्याशिवाय उभे राहू शकेनात. "अहो, कुणाला तरी हाक मारा," ती हळूच म्हणाली. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा आला. "काका, रहेवा दो, हुं करुं छुं," म्हणत त्याने तिला अलगद उचलून खाटेवर ठेवले. त्या साऱ्या प्रसंगात त्यांना बोचत राहिली ती एकच गोष्ट. त्यांना दम लागला नव्हता. श्वास पुरेसा होता; बळ पुरेसे नव्हते.

चालण्यावरचा त्यांचा विश्वास खोटा नव्हता. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून वरखाली करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. दमश्वासाच्या व्यायामाची महती पुढे वाढत गेली, आणि ती रास्तच होती. परंतु चालताना मांडीवर नेहमीचाच हलका भार पुन्हापुन्हा येतो. त्याने चिवटपणा टिकतो. जड भार झटक्यात पेलणारे जलद तंतू मात्र त्या कामावर फारसे बोलावलेच जात नाहीत, आणि उतारवयात अधिक झिजतात ते नेमके तेच. जमिनीवरून उठणे, गेलेला तोल सावरणे यांसाठी भिस्त असते ती त्यांच्यावर. एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यातील तूट भरून काढत नाही, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

खरे तर हे ज्ञान त्यांच्या गावाला नवे नव्हते. जुम्मादादांचे शिष्य माणिकराव यांनी नावारूपाला आणलेले व्यायाममंदिर त्याच बडोद्यातले. शाळकरी वयात त्यांनीही जोर-बैठका काढल्या होत्या. नोकरी लागली, आणि आखाडा पोरवयाचा, चालणे प्रौढपणाचे, अशी वाटणी मनाने परस्पर करून टाकली. म्हाताऱ्या माणसाने वजन उचलावे हे आपल्याकडे थोडे हास्यास्पदच मानले जाते. पण बोस्टनमध्ये नव्वदीच्या घरातील वृद्धाश्रमवासीयांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करवून घेतला, तेव्हा तो पुरा करणाऱ्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. १९९० सालचा हा प्रयोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबर निदान दोन दिवस स्नायूंच्या बळासाठी सांगितले आहेत. वृद्धांसाठी त्यातच निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर.

त्यांनी सुरुवात केली ती जेवणाच्या खुर्चीपासून. हात न टेकता उठायचे, सावकाश बसायचे. पहिल्या दिवशी पाच वेळा. पुढे पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातांत आल्या, मग तांदळाची लहान पिशवी. पत्नी आधी दारातून हसत पाहत होती. महिन्याभराने तिने दुसरी खुर्ची ओढली. पडली होती ती, तेव्हा या व्यायामाची गरज तिलाच अधिक होती, हे त्यांच्या ध्यानात उशिरा आले. कमाटीबाग सुटली नाही. फक्त आठवड्यातले तीन दिवस ते तिथून जरा लवकर परततात.

यंदा गौरी जेवल्या त्या दिवशी, कैक वर्षांनी, दोघे पाटावर बसले. जेवण झाले. सून सवयीने हात पुढे करून उभी होती. त्यांनी एक पाय दुमडला, तळहात जमिनीला टेकवला आणि ते उठले. थोडे डुलले, पण उठले. मग ते पत्नीकडे वळले. तिने त्यांचा हात पाहिला, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "असू द्या. मला येतंय."