जखम भरते, झोप येत नाही

पॉवर प्रेसखाली बोटं गेलेला कामगार टाके निघाले की कामाचा विचार करू लागतो. जखम सुकलेली असते. पण यंत्राचा तो धाडकन आवाज रात्री कानात घुमतो आणि झोप उडते.

चाकण, भोसरीच्या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यांत अशा जखमा नव्या नाहीत. कामगार राज्य विमा योजनेत तात्पुरत्या अपंगत्वासाठी वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. भीतीचं काय? मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं तर दिवस मोडतो, आणि ‘वेडा झाला का?’ या प्रश्नाची धास्ती वेगळीच.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलता येतं. आधी समुपदेशक ऐकून घेतो, गरज पडली तर तज्ज्ञांशी जोडून देतो.

फोन हातात आहे, पण एका खोलीच्या घरात बायको-मुलांसमोर रडायचं कसं?

म्हणून कारखान्याच्या प्रथमोपचार पेटीवर हा क्रमांक ठळक लिहावा. कामगार संघटनांनी आपल्या कार्यालयातली एक खोली जखमी सोबत्याच्या फोनसाठी रोज तासभर मोकळी ठेवावी.