रुजू झाल्याची तिथी

सरकारी नोकराला दोन जन्मतारखा असतात. एक आईबापांच्या स्मरणात असते आणि दुसरी सेवापुस्तकात. आमची दुसरी तारीख आहे १४ जुलै २०१४, पूर्वाह्न. ‘पूर्वाह्न’ हा शब्द महत्त्वाचा. दुपार उलटून गेली असती तर त्या दिवसाचा पगार बुडाला असता. पदवी, आयोगाची परीक्षा आणि पुष्पक एक्स्प्रेस अशा तीन पायऱ्या चढून आम्ही वाईहून लखनौस आलो. त्या गोष्टीला दहा वर्षे झाली, तेव्हा मित्रमंडळींनी दरवर्षीप्रमाणे ती तिथी साजरी केली.

मंडळ लहान आहे. लेखापरीक्षेतले नागपूरकर, मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेतले रत्नागिरीकर आणि आम्ही वाईकर. परमुलखात गाव हेच आडनाव होते. चौथे आटपाडीकर हे मात्र सरकारी नोकर नव्हेत. चौकात त्यांचे सोन्याचांदीच्या गलाईचे दुकान आहे. खानापूर-आटपाडीकडचा दुष्काळ मागे टाकून त्यांचे आजोबा येथे आले. आम्ही वर्षे मोजतो याची त्यांना फार मौज वाटते. “आमच्यात कुणी मोजत न्हाई,” असे ते एकदा म्हणाले, आणि पुढे बराच वेळ गप्प राहिले.

जुलै म्हणजे दशहरीचा उतरता हंगाम. पहिली दोन वर्षे रत्नागिरीकरांनी दशहरीला आंबा म्हटले नाही. ‘हे फळ’ एवढाच उल्लेख ते करीत. हल्ली मलिहाबादहून पेटी आणण्याचे काम त्यांनीच आपल्याकडे घेतले आहे.

जेवणानंतर इतिहास निघतो, कारण बदली हा विषय आमच्याइतका इतिहासालाही प्रिय आहे. दुसऱ्या बाजीरावांना कंपनी सरकारने १८१८ साली पुण्याहून हलवले आणि कानपूरजवळ गंगेकाठी ब्रह्मावर्तास ठेवले. वार्षिक तनखा आठ लाख. १८५१ साली ते वारले, तेव्हा दत्तक पुत्र नानासाहेबांना तो तनखा नाकारण्यात आला. आमच्या भाषेत, कुटुंबनिवृत्तिवेतन नामंजूर झाले. पुढे १८५६ साली त्याच सरकारने वाजिद अली शाहांना याच लखनौतून काढले. ते कलकत्त्यास गेले आणि मटियाबुर्जला त्यांनी आपले एक लहानसे लखनौ वसवले. त्यांचा तनखा बारा लाख होता. हा फरक का, यावर नागपूरकरांनी लेखापरीक्षकाच्या गांभीर्याने विचार केलेला आहे.

रत्नागिरीकरांचे उत्तर भातखंड्यांच्या रूपाने येते. येथून बाहेर गेलेले सर्वांना आठवतात, येथे येऊन शहराला काही देणारे कोणी आठवीत नाही, असे त्यांचे म्हणणे. वाजिद अली शाहांच्या कैसरबागेत, परीखान्याच्या वास्तूत, आज भातखंड्यांच्या नावाचे संगीत विद्यापीठ आहे. त्याचे मूळ, मॅरिस कॉलेज, १९२६ साली निघाले. यावर नागपूरकर बिनतोड मुद्दा काढतात. पंडितजींचे घर मुंबईसच राहिले आणि त्यांचे निधनही १९३६ साली मुंबईसच झाले. लखनौस खऱ्या अर्थाने रुजू झाले ते त्यांचे शिष्य रातंजनकर, आणि अनेक वर्षे प्राचार्य म्हणून राबलेही तेच. स्वप्न एकाचे, हजेरी दुसऱ्याची. कारकुनाला हे सांगावे लागत नाही.

मग दंडाचा खेळ. त्या संध्याकाळी प्रत्येक हिंदी शब्दाला दहा रुपये, आणि न्यायाधीश आटपाडीकर. खेळ दिसतो तितका सोपा नाही. अर्ज, हुकूम, तारीख, दप्तर हे शब्द कोणाचे? ‘राजीनामा’ शब्दावर एकदा तासभर खल झाला. आपल्याकडे तो देऊन माणूस नोकरी सोडतो, आणि इकडे राजीनामा म्हणजे भांडणाऱ्या दोन पक्षांची तडजोड!

यंदा आमच्या सहा वर्षांच्या कन्येने सर्वांत अधिक दंड भरला. तिचा जन्म येथलाच. लखनौस माणूस स्वतःला ‘हम’ म्हणतो, म्हणून तीही “आम्हाला भूक लागली” असे म्हणते. लेखात बापही ‘आम्ही’च लिहितो, म्हणून ते खपून गेले. नंतर सौ. पोळ्या लाटता लाटता दमून टेकली तेव्हा कन्या जवळ गेली आणि अगदी आर्जवाने म्हणाली, “आई, तुम्ही बसा ना.”

रत्नागिरीकर ओरडले, “दंड!” आटपाडीकरांनी क्षणभर विचार केला. एकही शब्द हिंदी नव्हता. त्यांनी दंड नाकारला आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. सौ. हसली नाही. आपल्याकडे आईला कोणी ‘तुम्ही’ म्हणत नाही. देवाला आणि आईला ‘तू’च म्हणावयाचे असते. मुलीने आदर दाखवला होता. तिला रागवावे कशासाठी? सौ. उठून आत गेली आणि उरलेल्या पोळ्या तिने एकटीनेच केल्या.

नागपूरकरांच्या हातात बदलीचा हुकूम आलेला होता, हे त्यांनी शेवटी, पान लावता लावता सांगितले. पुढच्या वर्षी मंडळात ते नसणार. स्वेच्छेच्या बदलीत ज्येष्ठता जाते. नव्या कार्यालयाच्या यादीत ते तळाशी बसतील आणि काल भरती झालेली मुले त्यांच्या वर असतील. “आई ऐंशीची आहे,” एवढेच ते म्हणाले. त्यावर कोणी नियम काढला नाही.

तोच अर्ज आमच्याही टेबलाच्या खणात आहे. नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख हे रकाने भरलेले आहेत. कारणाचा रकाना दोन ओळींचा आहे, आणि मुलगी आईला ‘तुम्ही’ म्हणते हे त्यात कसे लिहावे, हे ठरत नाही. सौ.ने एकदाही विचारलेले नाही. रात्री ती मुलीला निजवताना हलक्या आवाजात म्हणत होती, “म्हण, आई, तू ये.” मुलगी झोपेतच म्हणाली, “आई, तू या.” मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.