दोन खाचांमधला डोस

ताप आला की रिकामी बाटली पिशवीत घालून दवाखाना गाठायचा, हे ज्यांनी पाहिलं ती पिढी आता साठीच्या आसपास आहे. डॉक्टर नाडी बघत, जीभ बघत आणि चिठ्ठी आतल्या खिडकीकडे सरकवत. खिडकीमागे कंपाउंडर. तो कागदाच्या पट्टीची घडी घालायचा, कात्रीने तिचे कोपरे उडवायचा आणि पट्टी उलगडली की कडेला नेमक्या अंतरावर खाचा पडलेल्या असायच्या. डिंकाने ती बाटलीला डकवली की एका खाचेपासून दुसरीपर्यंतचं गुलाबी मिक्श्चर म्हणजे एक डोस. सोबत पुड्या, सकाळ, दुपार, रात्र. ‘बाटली हलवून घ्या’ एवढं ऐकून माणूस निश्चिंत घरी यायचा.

त्या निश्चिंतीत अज्ञानही होतं. बाटलीत काय आहे, हे विचारायची पद्धतच नव्हती. अंगदुखीवरच्या एपीसी गोळीतलं फेनासेटिन मूत्रपिंडाला घातक निघालं आणि १९८३ साली त्यावर आपल्याकडे बंदी आली. तापलेल्या पोराला अर्धी अ‍ॅस्पिरिन सर्रास दिली जायची. आज लहान मुलांच्या तापात ती देऊ नये असंच डॉक्टर सांगतात.

आता क्रोसिन, कालपोल, डोलो घरोघरी. तिन्हींत औषध एकच, पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉल नीट घेतलं तर सुरक्षित औषध आहे. पण कंपाउंडर गेला आणि त्याचं मोजायचं काम आपल्या गळ्यात आलं. आपण ते करतो का? डोकं दुखलं, एक डोलो. सर्दीसाठी वेगळी गोळी. अंग ठणकलं, कॉम्बिफ्लाम. नावं तीन, रंग तीन, पण कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल असतंच, सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही असतं.

निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे ३.९ ग्रॅम; सातवी मर्यादेबाहेर. दोन डोसांत किमान चार ते सहा तास हवेत. वजन कमी असेल, रोजची दारू असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर मर्यादा आणखी खाली येते. ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

मुलांचा डोस वयापेक्षा वजनावर ठरतो : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला १०० ते १५०. ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम असतं, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये कुठे १२०, कुठे २५०. सिरपच्या हिशेबाने चमचाभर ड्रॉप्स पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. म्हणून स्वयंपाकघरातला चमचा नको. बाटलीसोबतचं मापच वापरावं.

जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृत पोखरतं, आणि पहिल्या दिवशी थोडी मळमळ सोडली तर काहीच जाणवत नाही. त्यावर उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वात गुणकारी. तेव्हा पाकिटामागचा बारीक मजकूर वाचा, गोळी किती वाजता घेतली ते लिहून ठेवा, आणि हिशेब चुकल्याची शंका आली तर त्रास सुरू व्हायची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा.