गोराईची काळी मैना

केकवरची लालचुटूक चेरी आठवतेय? बऱ्याचदा ती चेरी नसतेच. लाल रंग देऊन पाकात मुरवलेलं करवंद असतं ते! झाडावरचं करवंद खायचंय? मग मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी बोरिवलीला पश्चिमेकडे उतरा, गोराई जेट्टी गाठा आणि बोटीनं खाडी ओलांडा.

गोराई म्हणजे बीच, २००९ साली खुला झालेला पॅगोडा आणि २०२२मध्ये बंद पडलेलं एस्सेलवर्ल्ड. आपलं गोराई तिथेच संपतं. मी मात्र यंदा समुद्राकडे पाठ करून गावामागच्या टेकाडाकडे वळले. वाटेच्या कडेनं करवंदीच्या जाळ्याच जाळ्या! जाळी हाच शब्द बरोबर. एक फांदी सुटी काढून दाखवा, पैज! कडक काटे, जाड चकचकीत पानं आणि फळ तोडलं की दुधासारखा चीक. खडकाळ, उथळ मातीत ही बाई आरामात तगते. काट्यांमुळे गुरं लांब राहतात, पक्षी फळं खाऊन बिया पसरवतात. माळी हवाय कुणाला?

सोबतच्या आयटीवाल्या मैत्रिणीला ‘कोंबडा की कोंबडी’ माहीतच नव्हतं. करवंद फोडायच्या आधी बोलायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. पाच मिनिटांत तिचे ओठ चिकट, बोटं जांभळी आणि मोबाइल पर्समध्ये.

आता जरा सीरियस. बोटीतून दिसणारी तिवरं तोडायला मुंबई हायकोर्टानं २००५मध्ये बंदी घातली. बोरिवलीच्या पूर्वेला १०३ चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क आहे, तिथल्या करवंदीला जंगलाचं कवच आहे. गोराईच्या टेकाडावरची करवंद मात्र नुसतं ‘झुडूप’. जागा साफ करायची ठरली की पहिला कोयता तिच्यावर. मग त्याच जागेभोवती काटेरी तारेचं कुंपण पैसे मोजून घालायचं. गावोगावी कुंपणाचं काम करवंद फुकटात करत आलीय, हे कुणाला आठवतच नाही.

तर मृगाच्या आधी जाऊन या. पाऊस पडला की फळांत अळ्या होतात. फांद्या ओरबाडू नका. हाताला येतील तेवढीच खा, उरलेली बुलबुलांना ठेवा. आणि वाटेत पानाच्या द्रोणात करवंदं विकणारी मावशी भेटली तर घासाघीस नको. काटे तिच्या हातांना लागलेत.