चोर्ल्यापलीकडचे पांघरूण

बेळगावहून गोव्यास जाण्याचे रस्ते अनेक आहेत. परंतु डिसेंबरातल्या एखाद्या शुक्रवारी तुम्हांला म्हापशाचा बाजार गाठावयाचा असेल, तर पहाटेच्या अंधारातच निघा आणि जांबोटीचा रस्ता धरा. कणकुंबीला उजाडते. मलप्रभेचा उगम येथलाच. माउलीच्या देवळापाशी घटकाभर टेकून पुढे निघालात की चोर्ल्याचा घाट लागतो. घाटमाथ्यावर जी शाल हवीहवीशी वाटत असते, ती खाली केरीला पोहोचेपर्यंत घडी होऊन पिशवीत गेलेली असते. सत्तरीच्या उतारांवर आता काजूची झाडे दिसू लागतात. या दिवसांत त्यांच्यावर फळ शोधू नका; कोवळी तांबूस पालवी आणि कोठे कोठे मोहोर, एवढेच दिसेल. बोंडू पिकून त्यांचा तो उग्र गोड वास रस्त्यावर यावयाचा तो मार्चनंतर.

एवढ्या पहाटे, एवढा घाट उतरून कशासाठी जावयाचे, असे तुम्ही विचाराल. मी गेले होते ती केकवर घालावयाच्या पांघरुणासाठी.

त्याचे असे झाले. गेल्या फेब्रुवारीत माझ्या सासूबाईंना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. नातवंडांच्या हौसेखातर दुकानातून केक आणविला. त्याच्यावर फाँडंटचे शुभ्र आच्छादन होते. चिनी मातीच्या भांड्यासारखे गुळगुळीत, वर गुलाबाची फुले! सर्वांनी वाहवा केली, छायाचित्रे काढली. परंतु बशा परत आल्या तेव्हा जवळजवळ प्रत्येकीत ते आच्छादन सोलून बाजूला ठेवलेले होते. पानात काही टाकू नये, या नियमावर सासूबाईंनी तीन पिढ्या वाढविल्या. त्या बशांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा साल काढून खायचा असतो का गं?" त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता, म्हणूनच मला ते अधिक लागले.

फाँडंट वाईट म्हणून कोणी टाकीत नाही. त्याला गोडीखेरीज चवच नसते म्हणून टाकतात. पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन, थोडे वनस्पती तूप आणि बहुधा जिलेटिन यांचा तो मळलेला गोळा असतो. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून निघते, हे शाकाहारी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे. मला ते मागाहून कळले. शिवाय साखर हवेतले पाणी ओढते. शीतपेटीतून काढलेला केक दमट हवेत ठेवला की फाँडंटला घाम फुटतो आणि ते चिकट होते. त्याचा गुण एकच, परंतु तो मोठा: ते लाटता येते, आणि पातळ पोळीसारखे केकवर अलगद पसरता येते.

डिसेंबरात सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ करावयाचा होता. हजार पौर्णिमा भरावयास ऐंशी वर्षे दहा महिने लागतात, हे गणित सासूबाईंनी स्वतः पंचांग घेऊन केले होते. मुलांनी पुन्हा केकचा हट्ट धरला. तेव्हा मी ठरविले की, या वेळी केक घरचाच, आणि त्याच्यावरचे पांघरूण असे की ते कोणी टाकता कामा नये.

लोण्याचे क्रीम चवीला उत्तम, पण मऊ. दुपारच्या समारंभात, माणसांच्या गर्दीत, ते केव्हा घसरेल याचा भरवसा नाही. चॉकलेटचे गनाश त्याहून टिकाऊ. दोन भाग काळे चॉकलेट आणि एक भाग साय, हे प्रमाण ठेवले तर ते थंड झाल्यावर छान बसते. परंतु सासूबाईंना चॉकलेट कडू लागते. ज्यांच्यासाठी केक, त्यांनाच तो नको, असे करून कसे चालेल?

मुलीच्या मैत्रिणीची आजी म्हापशाजवळच्या एका खेड्यात राहते. नाताळात त्यांच्याकडे मार्झिपान होते, हे मी ऐकून होते. युरोपात हा पदार्थ बदाम आणि साखर यांचा. जर्मनीतले ल्युबेक आणि स्पेनमधले टोलेडो ही गावे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. गोव्यात बदाम पिकत नाही. परंतु सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून काजू आणला आणि तो या लाल मातीत असा रुजला की गोव्याच्या घरांतून बदामाची जागा त्याने घेतली. 'काजू' हा आपला शब्दसुद्धा त्याच गलबतांतून उतरलेला आहे.

म्हापशाच्या बाजारात प्रथम काजूच घ्या. अखंड, टपोऱ्या गरांकडे पाहून भुलू नका. दळावयाचेच आहेत, तर पाकळी किंवा तुकडा घ्यावा. चव तीच, दाम कमी. मग दोदोल, पेरद, आमसुले, चवरिसांच्या तांबड्या माळा यांच्यामधून वाट काढीत हिंडा. त्या बाजारातून पिशवी एकाच जिन्नसावर भरून परतलेला मनुष्य मी पाहिलेला नाही.

आजींच्या स्वयंपाकघरात रबराचे साचे मांडलेले होते: मासे, शिंपले, फुले. काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि गुलाबपाणी मंद आचेवर त्या घोटीत होत्या. मिश्रणाने भांड्याच्या कडा सोडल्या तशी त्यांनी माझ्या तळहातावर एक गोळी ठेवली. मी ती वळली. हाताला चिकटली नाही. "झाले," एवढेच त्या म्हणाल्या. मी अंड्याची अडचण सांगितली, तेव्हा त्या हसल्या. तुमच्याकडे काजूकतली करतात ना, मग माझ्याकडे काय शिकायला आलात, असा त्यांचा प्रश्न होता! खरोखर, एवढे अंतर मी उगीचच आले की काय, असे मला क्षणभर वाटले. परंतु हाताला तो गोळा किती मऊ लागावयास हवा, हे घरी बसून कळले नसते.

तुम्हांला करावयाचे असेल तर आठ इंची केकसाठी अर्धा किलो काजू घ्या. यंत्रात थांबत थांबत दळा, नाहीतर तेल सुटेल. मग पूड चाळा. सव्वातीनशे ग्रॅम साखर, दीडशे मिलिलिटर पाणी, एकतारी पाक. त्यात पूड घालून मंद आचेवर घोटा, गोळी वळू लागताच उतरवा. कोमट असतानाच एक चमचा तूप आणि एक चमचा द्रव ग्लुकोज घालून भरपूर मळा. ग्लुकोज विसरलात तर पोळी तडकेल. केकला अगोदर पातळ केलेल्या पेरूच्या जेलीचा हात द्या, म्हणजे पांघरूण धरून राहते. पोळी दोन कागदांच्या मध्ये लाटावी आणि जास्त वेळ उघडी ठेवू नये.

माझी पोळी एका कोपऱ्यावर फाटलीच. ओल्या बोटाने सांधली; सांधा दिसत होता. रंगही फाँडंटसारखा शुभ्र नव्हे, हस्तिदंती. मुलीने नाक मुरडले.

औक्षण झाले. सासूबाईंनी बिनअंड्याच्या त्या केकचा तुकडा तोंडात घातला, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "वरचे आणखी थोडे दे." बशा गोळा करताना मी प्रत्येकीत डोकावत होते. एका बशीत मात्र पांढरा तुकडा शिल्लक दिसला, आणि माझे मन खट्टू झाले. मी ती उचलली तोच धाकटा पुतण्या ओरडत धावत आला. त्याने तो तुकडा शेवटी खाण्यासाठी राखून ठेवला होता.