सिलिकॉन अ‍ॅलीतला फेरफटका

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना मॅनहॅटनचा २३वा रस्ता माहीत असतो तो पाथ ट्रेनचं स्टेशन म्हणून. सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर जिना चढून वर यायचं, भारतातून आलेल्या पाहुण्यांना फ्लॅटआयर्न बिल्डिंगसमोर उभं करून फोटो काढायचे आणि टाइम्स स्क्वेअर गाठायचा, हा ठरलेला कार्यक्रम. ज्यांना ऐकायची हौस आहे अशा पाहुण्यांना मी मात्र इथेच तास-दोन तास जास्त फिरवते. आपण फोनवर बातमी वाचायला घेतली की मध्येमध्ये ज्या जाहिराती डोकावतात, त्यांचा धंदा याच रस्त्यांवर वाढीला लागला, आणि गेली सव्वीस वर्षं माझं पोट त्याच धंद्यावर आहे.

यंदा जूनमध्ये माझा भाचा ऑफिसच्या कामासाठी पुण्याहून आठवडाभर आला होता. तोही याच क्षेत्रातला इंजिनीअर. यात नवल नाही, कारण पुण्यात या धंद्याची मुळं चांगली खोल आहेत. २००६ साली सुरू झालेली आणि २०२० च्या डिसेंबरात नॅसडॅकवर आलेली पबमॅटिक घ्या. कंपनी अमेरिकन, पण तिचं इंजिनीअरिंगचं मोठं काम पुण्यात चालतं. भाचा येण्याआधीच ताईचा फोन आला होता. "नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढतोय म्हणे. बाणेरच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, डिसेंबरात घरात बाळ येतंय. तू त्याच लायनीतली आहेस, जरा समजाव त्याला."

समजवायला घरातल्या सोफ्यापेक्षा रस्ता बरा, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी त्याला २३व्या रस्त्यावर बोलावलं.

स्टेशनातून वर येऊन पूर्वेकडे पाच मिनिटं चाललं की फ्लॅटआयर्न. ही इमारत १९०२ सालची. तिच्या समोरच्या मॅडिसन स्क्वेअरच्या कोपऱ्यापासून मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू सुरू होतो. अमेरिकेत 'मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू' म्हटलं की जाहिरातींचा जुना, सुटाबुटातला धंदा डोळ्यांसमोर येतो. नव्या धंद्याची सुरुवात मात्र दुसऱ्या किनाऱ्यावर झाली. २७ ऑक्टोबर १९९४ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटवायर्ड या वेबमासिकाने आपल्या पानावर आडव्या पट्टीच्या जाहिराती लावल्या. तंत्रज्ञान तिकडचं, पण जाहिरातदारांच्या तिजोऱ्या इकडे, न्यूयॉर्कात. त्यामुळे पैसे मागायला कंपन्यांना इथे यावंच लागलं.

अशा कंपन्यांतली सगळ्यांत गाजलेली डबलक्लिक. केविन ओ'कॉनर आणि ड्वाइट मेरिमन यांनी अटलांटाजवळ एका घराच्या बेसमेंटमध्ये तिचं काम सुरू केलं आणि १९९६ मध्ये बिऱ्हाड न्यूयॉर्कला हलवलं. कुठली जाहिरात कुठल्या पानावर, कुणाला, किती वेळा दाखवायची आणि ती किती जणांनी दाबली, याचा चोख हिशेब ठेवणारं यंत्र त्यांनी विकायला काढलं. १९९८ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. सिलिकॉन अ‍ॅलीत आपलं स्वागत असो, अशा अर्थाचा डबलक्लिकचा भलामोठा फलक याच भागात झळकत असे. मी १९९९ मध्ये आले तेव्हा तो पाहून आपण योग्य जागी पोचलो असं वाटलं होतं.

"मग बुडाली कशी?" भाच्याने विचारलं.

बुडाली नाही, हेच तर सांगण्यासारखं आहे. १९९९ मध्ये तिने अ‍ॅबेकस डायरेक्ट ही कंपनी घेतली. घरपोच कॅटलॉगवरून कोण काय मागवतं याची माहिती अ‍ॅबेकसकडे होती. ती नावागावासकट इंटरनेटवरच्या वावराशी जोडायचा बेत बाहेर आला, गदारोळ झाला आणि मार्च २००० मध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात शेअर बाजाराचा फुगा फुटायला लागला. पुढे २००५ मध्ये एका गुंतवणूक कंपनीने डबलक्लिक १.१ अब्ज डॉलरना घेतली आणि २००७ मध्ये गूगलने ३.१ अब्ज डॉलर देऊ केले. दोन वर्षांत जवळजवळ तिप्पट!

मी होते ती कंपनी खूपच लहान, चाळीस माणसांची. २००१ च्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी आम्हाला एका खोलीत बोलावलं आणि सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. शेअर ऑप्शन्सचे कागद रद्दीच्या भावाचे झाले. आज एच-वन-बी वाल्याला नोकरी गेल्यावर साठ दिवसांची मुदत मिळते, ती सोय २०१७ पासूनची. तेव्हा तीही नव्हती. ज्या बाईच्या हाताखाली मी काम करत होते, तिने रविवारी रात्री फोन करून तिसऱ्याच एका कंपनीत माझं नाव दिलं, म्हणून मी या देशात राहिले. हे मी भाच्याला त्याच फुटपाथवर उभं राहून सांगितलं. त्याने पहिल्यांदाच फोन खिशात ठेवला.

त्याला जुनी कंपनी माहीत होती, माणसं माहीत नव्हती. डबलक्लिकच्या मेरिमन यांनी केविन रायन आणि एलियट हॉरोविट्झ यांच्यासोबत २००७ मध्ये जी कंपनी काढली, तिचं आजचं नाव मोंगोडीबी. जाहिरातींच्या अफाट ओझ्याखाली डेटाबेस कसा वाकतो, हे त्यांनी आधीच्या कंपनीत भोगलं होतं. राइट मीडिया ही न्यूयॉर्कचीच कंपनी. तिने जाहिरातींच्या जागांचा लिलाव भरवणारा बाजार उभा केला आणि २००७ मध्ये याहूने ती घेतली. तिथले ब्रायन ओ'केली बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅपनेक्सस काढली. तिचं ऑफिस २३व्या रस्त्यावरच होतं, आपण आत्ता ओलांडून आलो त्या पट्ट्यात. २०१८ मध्ये ती एटी अँड टीने घेतली आणि नंतर ती मायक्रोसॉफ्टकडे गेली. पाट्या बदलत राहिल्या, पण माणसं या गल्लीतून त्या गल्लीत जात राहिली.

तिथून आम्ही नैर्ऋत्येकडे वळून एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर आलो. १५व्या आणि १६व्या रस्त्यांमधला अख्खा चौक व्यापणारी ती अवाढव्य इमारत म्हणजे १११ एट्थ अ‍ॅव्हेन्यू. १९३२ मध्ये पोर्ट ऑथॉरिटीने ती माल साठवण्यासाठी बांधली. आत अख्खा ट्रक मावेल एवढ्या लिफ्ट होत्या. पुढे जमिनीखालून जाणाऱ्या इंटरनेटच्या केबली तिथे एकत्र आल्या. २०१० मध्ये गूगलने ती इमारतच विकत घेतली. समोरचं चेल्सी मार्केट, म्हणजे १९१२ मध्ये ओरिओ बिस्किट जिथे जन्मलं तो जुना कारखाना, गूगलने २०१८ मध्ये २.४ अब्ज डॉलरना घेतला.

चेल्सी मार्केटात कॉफी घेऊन बसल्यावर भाच्याने आपली कल्पना सांगितली. मराठी, कन्नड, तेलुगूतल्या लहान बातम्यांच्या साइट्सना आपल्या पानावरची जाहिरातीची जागा नीट विकता यावी, यासाठी सॉफ्टवेअर. कल्पना चांगली होती. मी रुमालावर रेघोट्या ओढल्या. पान उघडलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत लिलाव होतो. जाहिरातदाराचा अडत्या, मधला बाजार, प्रकाशकाचा अडत्या, प्रत्येक जण आपली दलाली कापतो. ब्रिटनमध्ये २०२० साली जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसीकडून याचा हिशेब करून घेतला. शंभर पौंडांतले प्रकाशकाच्या हाती सरासरी ५१ पडले, आणि १५ कुठे गेले याचा पत्ताच लागला नाही!

"पुण्याच्या मार्केटयार्डात शेतकऱ्याला पट्टी तरी हातात मिळते," तो म्हणाला.

दलालीपेक्षा मोठी अडचण दिवसांची असते. जाहिरातदार पैसे देतो दोन-तीन महिन्यांनी, आणि तुझे इंजिनीअर पगार मागतात एक तारखेला. मधल्या दिवसांचं ओझं लहान कंपनीच्या डोक्यावर. याच शहरात २००७ साली सुरू झालेली मीडियामॅथ ही मोठी, नावाजलेली कंपनी, पण ३० जून २०२३ ला तिने दिवाळं जाहीर केलं. ज्यांची देणी अडकली त्यांत या धंद्यातल्याच कितीतरी कंपन्या होत्या. धंदा भरपूर चालू असतानाही माणूस असा अडकू शकतो.

"आणि तुझं सॉफ्टवेअर चालणार कुणाच्या रस्त्यावरून?" मी विचारलं. त्याने खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघितलं. एप्रिल २०२५ मध्ये व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायालयाने निकाल दिला, की प्रकाशकांचा अ‍ॅड सर्व्हर आणि जाहिरातींचा बाजार या दोन्हींत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. तो अ‍ॅड सर्व्हर म्हणजे मूळची डबलक्लिकच. निकालाने रस्ता मोकळा होईल असं भाच्याचं म्हणणं. होईलही. पण रस्ता मोकळा होईपर्यंत घरात पीठ-मीठ हवं.

शेवटी आम्ही हडसनच्या काठावर पियर ५७ च्या गच्चीत गेलो. खालच्या मजल्यांवर ऑफिसं आहेत, गच्ची सगळ्यांना खुली आहे, तिकीट नाही. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो. पलीकडे होबोकेनचे दिवे लागत होते. तिथे कठड्याला टेकून मी त्याला तीनच प्रश्न दिले. पहिला पैसा हातात यायला किती दिवस लागतील? तेवढे दिवस घर कशावर चालेल? आणि कंपनी बंद पडली, तर रविवारी रात्री तुझ्यासाठी फोन करणारं कोण आहे, आणि तू कुणासाठी करशील?

"तू नको काढू असं म्हणत नाहीयेस, मावशी," तो म्हणाला.

मी म्हटलं नव्हतंच. ज्या रस्त्यांनी मला सांभाळलं त्यांवर उभं राहून ते म्हणणं मला जमलं नसतं.

ऑगस्टअखेर त्याने नोकरी सोडली. त्याआधी त्याने दोन गोष्टी केल्या. कमिशनचा बेत बाजूला ठेवून दर महिन्याला आगाऊ फी घ्यायचं ठरवलं, म्हणजे जाहिरातदाराच्या पैशाची वाट बघायला नको. आणि आठ महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात टाकले. कोल्हापूरची एक आणि हुबळीची एक, अशा दोन साइट्सनी पहिली फी भरली आहे. ताई अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते. डिसेंबरात बाळ येईल तेव्हा मी पुण्याला जाणार आहे, आणि त्याच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसातही डोकावून येणार आहे.