सुटलेला बाण

धनुष्याशी माझा आयुष्यातला संबंध एवढाच की, लहानपणी बांबूची कांब वाकवून, तिला सुतळी ताणून आणि खराट्याच्या हिरांचे बाण करून मी एकदा लंकेचे युद्ध खेळलो होतो. रावणाच्या जागी धाकट्या भावाची योजना होती. बाण त्याच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर लागला आणि त्याच संध्याकाळी आईने धनुष्य चुलीत घातले. पुढची साठ वर्षे मी धनुष्य पाहिले ते देवादिकांच्या तसबिरींत.

अशा माणसाला उतारवयात हरणांची शिकार करणाऱ्या तिरंदाजांच्या पंक्तीला बसावे लागेल, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत गेलो आणि तसे घडले खरे.

मुलीचे घर मिशिगन राज्यात, लान्सिंग शहरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. मागे मक्याची शेते, त्यापलीकडे ओक आणि मेपलचे रान. शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ राहतात. आमच्या घराचे पन्हाळ त्यांनी न सांगता दुरुस्त करून दिले, हिमवर्षाव झाला की आमच्या दारातलेही बर्फ तेच ओढतात. असा सज्जन माणूस ऑक्टोबरची पहिली तारीख उजाडली की पहाटे धनुष्य घेऊन हरणे मारायला जातो, ही गोष्ट काही केल्या माझ्या पोटात शिरेना. त्यात भर अशी की, माझ्या बारा वर्षांच्या नातवाला या गृहस्थांनी परसात निशाण लावून तिरंदाजी शिकवली होती. आणि पुढच्या मोसमात मीही यांच्याबरोबर रानात जाणार, असे चिरंजीवांनी घरात जाहीर केले होते. मुलगी हवालदिल झाली. "आबा, तुम्हीच त्याला चार शब्द सांगा. तुमचं तो ऐकतो," असे म्हणून तिने ते काम माझ्यावर सोपवले.

चार शब्द सांगायचे तर आधी विषय कळायला हवा, म्हणून मी शेजाऱ्यांकडे जाऊन बसू लागलो. त्यांचे धनुष्य पाहून माझी निराशाच झाली. दोन टोकांना चाके, दोऱ्यांचे जाळे. रामरायाच्या हाती ते शोभले नसते. मिझुरी राज्यातल्या अ‍ॅलन नावाच्या माणसाने हे चाकांचे धनुष्य काढले आणि १९६९ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. ओढायला ते जड, पण दोरी पुरती मागे आली की चाकांमुळे बहुतेक भार उतरतो आणि नेम धरून थांबता येते. तरीही हरीण वीस-पंचवीस पावलांवर आल्यावाचून बाण सोडायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यासाठी झाडावर पंधरा-वीस फूट उंचीवर एक लोखंडी बैठक बांधायची, पडू नये म्हणून अंगाला पट्टा लावायचा आणि तासन् तास खांब होऊन बसायचे. वारा आपल्याकडून हरणाकडे वाहू लागला की दिवस फुकट गेला म्हणून समजावे. कारण त्या जनावराचे नाक सगळे काही ओळखते.

मी विचारले, "मारायचेच, तर बंदूक का नाही?"

ते म्हणाले, "बंदुकीचा मोसम पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो, तेव्हा निम्मे गाव रानात असते. धनुष्य घेतले की हरीण जवळ येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसावे लागते. बघितल्यावर पुष्कळदा मारवत नाही."

हे उत्तर मला आवडले. पण पटले नाही.

मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली ती रात्र आली. हा त्या हरणांच्या माजाचा काळ. एरवी सावध असलेले नर या दिवसांत माद्यांच्या मागे भान हरपून हिंडतात. नऊच्या सुमारास शेजारी दाराशी उभे राहिले. चेहरा उतरलेला. "एक उपकार करा," ते म्हणाले. "संध्याकाळी बाण सोडला. हरीण नेमके त्याच क्षणी पुढे सरकले आणि बाण पोटात लागला. बाणावरच्या रक्तावरून कळते. मला आणखी डोळे हवेत."

बाण छातीत लागला तर रक्त गुलाबी, फेसाळ असते आणि जनावर काही क्षणांत पडते. पोटात लागला तर रक्त काळपट, त्याला घाण वास. मग जनावर तासन् तास जगते. अशा वेळी लगेच मागे लागायचे नसते. ते घाबरून आणखी दूर जाते. त्याला शांतपणे बसू द्यायचे आणि सकाळी शोधायचे, हा नियम. पण रानात कायोटींची कोल्हेकुई सुरू झाली होती. सकाळपर्यंत थांबावे तर कायोटी त्याला जिवंतपणी फाडतील, आणि आत्ता जावे तर ते उठून पळेल. दोन्हींकडे पापच. ते चार तास कसेबसे थांबले होते.

मुलगी काही म्हणायच्या आत नातवाने बूट चढवले. मग मीही निघालो.

शेजाऱ्यांनी धनुष्य घरीच ठेवले होते. आम्ही विजेऱ्या घेऊन, अक्षरशः गुडघ्यांवर रांगत माग काढू लागलो. रक्ताचा थेंब दिसला की जवळच्या फांदीला कागदाची पांढरी पट्टी बांधायची. पाच-सहा पट्ट्या झाल्या की वळून पाहायचे, म्हणजे हरीण कोणत्या दिशेने गेले ते कळते. सांगायला सोपे. पण खाली मेपलचा पाचोळा पसरलेला, आणि त्या पानांवर निसर्गानेच तांबडे ठिपके काढलेले. प्रत्येक पान उचलावे, बोटाने घासून पाहावे, बोट लाल झाले तर थेंब, नाही तर नुसते पान. अर्ध्या तासात माझी दहाही बोटे रंगली. ब्राह्मणाघरी जन्मलेला, अंडेही न खाणारा मी, हरणाच्या रक्ताचा एक थेंब सापडला की आनंदाने ओरडत होतो!

पुढे कुंपण आले. पलीकडे दुसऱ्याचे रान. परवानगीवाचून पाऊल टाकायचे नाही. शेजारी त्या शेतकऱ्याच्या घरी गेले. रात्रीचे अकरा वाजत आले होते. शेतकरी झोपेच्या कपड्यांवर कोट चढवून आला, परवानगी दिली आणि स्वतःची विजेरी घेऊन आमच्याबरोबर रांगू लागला. कोणी फारसे बोलत नव्हते.

शेवटचा थेंब नातवाने पाहिला, ओढ्याच्या काठावरच्या एका दगडावर. ओढ्यापलीकडे काहीच नव्हते. बारा वाजेपर्यंत आम्ही दोन्ही काठ पालथे घातले. थकून उभे राहिलो तेव्हा आग्नेयेला मृग नक्षत्र चांगले वर आले होते आणि त्याच्या खाली व्याध नुकताच क्षितिजावर चमकू लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आखूड पायांचे, माग काढणारे एक कुत्रे दोरी बांधून आणले. तेही ओढ्यापलीकडच्या दलदलीत जाऊन घोटाळले. हरीण सापडले नाही ते नाहीच.

जानेवारीच्या आरंभी मोसम संपल्यावर शेजाऱ्यांच्या मोटारखान्यात त्यांच्या मित्रमंडळींची बैठक भरली. दर वर्षी भरते. जो तो आपल्या मोसमाची हकीकत सांगतो. मला आणि नातवाला आग्रहाचे बोलावणे होते. मोठ्या पातेल्यात हरणाचे मांस शिजत होते. माझ्यासाठी एका बाजूला घेवड्याची उसळ निराळ्या भांड्यात ठेवली होती, आणि तिचा डाव कोणी चुकून दुसऱ्या पातेल्यात घालू नये म्हणून त्यावर तांबडी फीत बांधली होती. इतके सोवळे आमच्या आजीच्या पश्चात मी पाहिले नव्हते.

मला वाटले होते, बढायांची स्पर्धा लागेल. लागली ती फजितीची! एक सुतार म्हणाला, हरीण समोर आले, मी दोरी ओढली, तेवढ्यात ते झाडाच्या बुंध्याआड जाऊन उभे राहिले. हात लटपटू लागले तेव्हा दोरी हळूहळू सोडून दिली, आणि मी हात चोळत असताना स्वारी बुंध्यामागून निघून शांतपणे चालती झाली. एक परिचारिका रात्रपाळीवरून परस्पर रानात जाऊन बसत असे. अखेरच्या दिवशी दोन पाडसांसह एक हरिणी आली, तिने पाय आपटला, वर पाहिले. "आमची नजरानजर झाली," ती म्हणाली, "आणि मी धनुष्य खाली ठेवले."

ऐंशीच्या घरातले एक आजोबा कोपऱ्यात बसले होते. धनुर्धारी म्हणून देशभर नाव झालेल्या फ्रेड बेअर यांनी १९४७ साली आपला धनुष्यांचा कारखाना याच राज्यातल्या ग्रेलिंग गावी हलवला. तिथेच तयार झालेले जुने, बिनचाकांचे धनुष्य हे आजोबा अजून वापरतात. त्यांनी गणित सांगितले. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो आणि त्यांचा बाण जेमतेम पन्नास-पंचावन्न. दोरीचा टणत्कार बाणाच्या आधी हरणाच्या कानी पोचतो; ते पळण्यासाठी अंग खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. "या वर्षी दोनदा गेला," ते समाधानाने म्हणाले.

ही विद्या त्यांच्या लोकांत कुठून आली तेही त्यांनीच सांगितले. याही नावाच्या आदिवासी जमातीची गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तल केली. तिच्यातला शेवटचा माणूस, इशी, १९११ साली कॅलिफोर्नियात रानाबाहेर आला. सॅक्सटन पोप नावाचा डॉक्टर त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकला. इशी १९१६ साली क्षयाने गेला. पोपने १९२३ साली त्या विद्येवर पुस्तक लिहिले, आणि ते वाचून कितीतरी लोक रानात गेले. "ज्यांना मारले त्यांच्याकडूनच शिकलो," आजोबा म्हणाले. कोणी काही बोलले नाही.

मग शेजाऱ्यांची पाळी आली. त्यांनी त्या रात्रीची हकीकत काही न लपवता सांगितली. उजेड कमी झाला होता, थांबायला हवे होते, थांबलो नाही, चूक माझी. शेवटी म्हणाले, "कायद्याने मला आणखी शिकार करता आली असती. पण माझ्या वाट्याचे हरीण ते होते. त्या दिवसापासून धनुष्य खुंटीवर आहे." तेव्हा माझ्या ध्यानात आले की, त्या महिन्यात त्यांच्या घरचा दिवा पहाटे कधी लागला नव्हता.

वातावरण जड झाले. परिचारिकेने माझ्याकडे वळून विचारले, "तुमच्याकडे शिकार करतात का?"

मी सांगितले की, १९७२ च्या कायद्यानुसार आमच्याकडे हरणांच्या शिकारीला बंदी आहे. आता शिकारी उरले ते गोष्टींत. आणि मग आजी महाशिवरात्रीला सांगत असे ती 'शिवलीलामृता'तली गोष्ट मी सांगितली. व्याध बेलाच्या झाडावर दबा धरून बसतो. रात्रभर एकामागून एक हरणे पाण्यावर येतात. प्रत्येक जण म्हणतो, मला घरी जाऊन निरोप घेऊ दे, मी परत येतो. व्याध सोडतो, आणि पहाटे सगळी हरणे खरोखरच परत येतात. ते पाहून त्याच्या हातून धनुष्य गळते. पुढे व्याध आणि मृग दोघेही आकाशात गेले. झाडावर बसलेला शिकारी म्हटल्यावर सगळ्यांनी कान टवकारले होते. तुम्ही ज्याला ओरायन नावाचा शिकारी म्हणता, तेच आमच्याकडचे हरीण, असे मी सांगितले तेव्हा दोघे-तिघे खरेच दार उघडून आकाश बघून आले.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमचा व्याध नशीबवान. त्याची हरणे बोलत होती."

आम्ही घरी परतलो तेव्हा थंडी मी म्हणत होती. आकाश निरभ्र होते. मृग डोक्यावर यायच्या बेतात होता. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांकडे बोट दाखवून नातवाने विचारले, "आबा, हा बाण ना?"

"हो."

"पण गोष्टीत तर त्याने बाण सोडलाच नव्हता. मग तो लागलेला कसा?"

साठ वर्षे मी ती गोष्ट सांगत आणि ऐकत आलो. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आजीलाही कोणी विचारला नसावा. मी गप्प राहिलो. मुलीने सांगायला सांगितलेले चार शब्द माझ्यापाशी तयार होते. पण ओढ्याकाठच्या दगडावरचा थेंब ज्याने पाहिला त्याला मी आणखी काय सांगणार होतो?

घराच्या पायरीवर तो आपण होऊन म्हणाला, "पुढच्या वर्षी मी जाईन. पण धनुष्य नेणार नाही. नुसता बसेन. आणि कोणाचं हरीण हरवलं तर शोधायला जाईन."

मुलीला हे मान्य झाले असे नाही. नामंजूरही झालेले नाही. मी तर दिवाळीच्या पुष्कळ आधीच परत आलो. परवा तिचा फोन आला. ऑक्टोबरची पहिली तारीख उलटली आहे. शेजाऱ्यांनी धनुष्य खुंटीवरून काढले आहे, पण उजेड कमी व्हायच्या बराच आधी ते झाडावरून उतरतात. नातू त्यांच्याबरोबर दोनदा जाऊन आला. हरणे दिसली का, असे मी विचारले.

"दिसली म्हणाला. आणि आबा, त्याच्या खिशात कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या असतात. धुवायला टाकायच्या आधी मला रोज खिसे तपासावे लागतात."